शाळेसाठी नेमलेल्या पोलिसाचे काम कोठून कोठपर्यंत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मुलाच्या शाळेसाठी स्थानिक पोलीस ठाण्याने एक हवालदार नेमून दिले आहेत आणि ते आठवड्यातून दोन दिवस शाळेत येतात. मधल्या सुट्टीत आठवीतील दोन मुलांची मारामारी झाली, एकाचा ओठ फुटला, आणि वर्गशिक्षिकेच्या सांगण्यावरून हवालदारांनी दुसऱ्या मुलाला चालू तासातून उठवून मुख्याध्यापकांच्या खोलीत नेले, तेथे बराच वेळ विचारपूस केली आणि माफीनामा लिहून घेऊन त्यावर त्याची सही घेतली. घरच्यांना हे सारे संध्याकाळी मुलाच्याच तोंडून कळले. आता पालक-शिक्षक संघात दोन तट पडले आहेत. एकाचे म्हणणे, शाळेत पोलीस असलाच पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे, शाळेत पोलिसाने पाऊलही टाकू नये. यातले बरोबर कोण, असे आपण विचारले आहे.

मी महाराष्ट्र पोलीस दलात बरीच वर्षे बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून काम केले आणि त्या काळात अनेक शाळांशी माझा नियमित संबंध आला. त्या अनुभवावरून माझे मत असे की, पोलीस हवा की नको हा आपला खरा प्रश्नच नाही. शाळेतली शिस्त राखण्याचे काम त्या पोलिसाकडे गेले आहे का, हा खरा प्रश्न आहे. आणि आपण लिहिलेल्या प्रसंगावरून ते गेल्याचे स्पष्ट दिसते. ज्या शाळेत असे होते त्या शाळेत पोलीस असण्याचा जो खरा उपयोग आहे, तोच हातचा जातो. मुले ज्याला घाबरून बोलतात, त्याला ती आपणहून काहीच सांगत नाहीत.

आधी कायदा पाहू, कारण या बाबतीत तो पुरेसा स्पष्ट आहे आणि तरीही शाळांना आणि पुष्कळदा पोलीस ठाण्यातील कर्मचाऱ्यांनाही तो माहीत नसतो. बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम 2015 च्या कलम 107 नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, आणि तो सहायक पोलीस उपनिरीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा असून चालत नाही. त्याच कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि शहरात पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष बाल पोलीस पथक असते, आणि त्यात दोन समाजसेवकांचा समावेश असतो, ज्यांपैकी एक महिला असलीच पाहिजे. आपण ज्यांचा उल्लेख केला आहे ते हवालदार आहेत. म्हणजे ते चांगले, अनुभवी आणि मुलांविषयी आपुलकी असणारे असू शकतील, पण अपराध केल्याचा आरोप असलेल्या मुलाशी कायद्याच्या दृष्टीने बोलण्याचे काम त्यांचे नाही. ते काम बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे आहे.

या अधिनियमाखाली केंद्राने 2016 मध्ये केलेल्या आदर्श नियमांतील आठवा नियम प्रत्येक मुख्याध्यापकांनी एकदा तरी वाचावा असे मला मनापासून वाटते. मुलाशी बोलताना अधिकारी गणवेशात नसावा, साध्या वेशात असावा. बोलणे अशा जागी व्हावे जेथे पोलीस ठाण्याचे किंवा कोठडीतील चौकशीचे वातावरण जाणवणार नाही. त्या वेळी आईवडील किंवा पालक हजर राहू शकतात. मुलाला कबुली देण्यास भाग पाडता येत नाही, आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही मागता येत नाही. आपल्या प्रसंगात यातील एकेक गोष्ट ताडून पाहा. गणवेश होता, बंद खोली होती, पालक नव्हते, माफीनाम्याच्या रूपाने कबुली होती आणि तिच्याखाली सहीही होती. कोणी म्हणेल की ती औपचारिक चौकशी नव्हती, केवळ समज दिली. पण तेरा वर्षांच्या मुलाला खोलीत समोर बसलेला पोलीस समज देतो आहे की चौकशी करतो आहे, हा फरक कळण्याचा काही मार्ग नसतो. नियमांमागचा हेतू त्याला भीतीपासून वाचवण्याचा आहे, आणि भीती दोन्ही वेळी सारखीच असते.

मारामारीचेही कायद्यातले स्थान समजून घ्यावे. ओठ फुटण्याइतकी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या भाषेत साधी दुखापत. ती अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, आणि तिची कमाल शिक्षा एक वर्षाची असल्याने बाल न्याय अधिनियमात ती किरकोळ अपराधांत मोडते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक किमान शिक्षा असलेला अतिगंभीर गुन्हा नसेल, किंवा प्रौढ व्यक्तीबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप नसेल, तर मुलाविरुद्ध प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदवायचा नाही, असे आदर्श नियम सांगतात. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार होतो आणि तो अपराधाचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे जातो. कायद्याने इतकी काळजी घेतली असताना शाळेतल्या मधल्या सुट्टीतली हाणामारी थेट पोलिसाच्या हाती देणे म्हणजे कायद्याने टाळलेली गोष्ट शाळेने स्वतः ओढवून घेणे होय.

ज्या देशात शाळेत कायमचा पोलीस ठेवण्याची पद्धत फार रुळलेली आहे, त्या अमेरिकेतला एक खटला येथे सांगण्यासारखा आहे, कारण तो आपल्या प्रसंगाशी विलक्षण जुळतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात 2005 मध्ये सातवीतील तेरा वर्षांच्या एका मुलाला गणवेशातील पोलिसाने चालू वर्गातून बाहेर काढून शाळेच्या बैठकीच्या खोलीत नेले. दार बंद होते, पोलीस आणि शाळेचे अधिकारी समोर होते, आणि त्याचा सांभाळ करणाऱ्या आजीला कोणी कळवले नव्हते. परिसरातील घरफोड्यांबद्दल अर्धा-पाऊण तास विचारपूस झाल्यावर त्याने कबुली दिली, आणि तो हवे तर जाऊ शकतो हे त्याला सांगितले गेले ते कबुलीनंतर. न्यायालयीन नोंदीत हा मुलगा केवळ जे. डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, एखादी व्यक्ती पोलिसांच्या ताब्यात आहे का हे ठरवताना तिचे बालवय विचारात घेतले पाहिजे. प्रौढ माणूस अशा खोलीतून उठून जाऊ शकतो असे वाटणे शक्य आहे, पण मुलाला तसे वाटत नाही, आणि त्यातही शाळेत तर नाहीच, कारण शाळेत मोठ्यांचे ऐकायचे हेच तर आपण त्याला रोज शिकवत असतो. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे, पण मुलाच्या मनाची जी ओळख त्या निकालात आहे ती मला माझ्या कामात पदोपदी पटली.

आता दुसऱ्या तटाकडे वळते. शाळेत पोलीस नकोच, हे मत मला मान्य नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर पालकांच्या मनात जी धास्ती बसली ती खोटी नव्हती. काही कामे पोलिसानेच करावीत अशी असतात, आणि त्यातील बरीचशी शाळेच्या कुंपणाच्या आत नसून फाटकाबाहेर असतात. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 नुसार मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुख्याध्यापक टपरीवाल्याला विनंती करू शकतात, पण टपरी हलवू शकतो तो पोलीस. शाळा सुटताना फाटकाशी रेंगाळणारी अनोळखी दुचाकी, क्षमतेपेक्षा दुप्पट मुले कोंबलेली व्हॅन, मुलींचा पाठलाग करणारी बाहेरची टोळकी, ही सारी गणवेशाची कामे आहेत आणि तेथे गणवेश दिसलाच पाहिजे. मी नव्या अंमलदारांना नेहमी सांगत असे की, पहिले काही आठवडे शाळेत शिरूच नका. सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा आणि कोण कोणाला न्यायला येते ते पाहा. एवढ्याने शाळेभोवतालच्या धोक्यांचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते.

जनजागृतीच्या तासांबद्दल फार लिहीत नाही. केरळमध्ये 2010 मध्ये सुरू झालेली विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना 2018 मध्ये देशपातळीवर आठवी-नववीसाठी स्वीकारली गेली, आपल्याकडेही काही शहरांत पोलीस काका, पोलीस दीदी अशा नावांनी उपक्रम चालतात, आणि वाहतुकीचे नियम किंवा मोबाइलवरील फसवणूक यांबद्दल पोलिसाने सांगितलेले मुले लक्ष देऊन ऐकतात. एकच पथ्य पाळावे. तासाच्या शेवटी 'नाहीतर पकडून नेऊ' हे वाक्य येता कामा नये, गमतीनेही नाही. आणि जे शिक्षक वर्गात 'काकांना बोलावू का?' असा दम भरतात, त्यांना मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी थांबवावे.

सर्वांत नाजूक भाग मुले स्वतःहून काही सांगतात तेव्हाचा आहे. शाळेतील तक्रारपेटी मी नेहमी मुख्याध्यापिका आणि एक शिक्षिका समोर असतानाच उघडत असे. आत घड्यांवर घड्या घालून नखाएवढ्या केलेल्या चिठ्ठ्या असत, काहींवर नाव लिहून पुन्हा गिरगटून टाकलेले असे. निम्म्या चिठ्ठ्या पंखा, पाणी, गृहपाठ अशा असत आणि त्या बाजूला ठेवण्याचा मोह होतो. एका शाळेत तीन वेगवेगळ्या अक्षरांत एकच तक्रार आली होती की, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या शेवटच्या दाराची कडी लागत नाही. वरवर पाहता ती दुरुस्तीची बाब होती. पण कडी कधीपासून लागत नाही, ती कोणी काढली आणि त्या बाजूला कोणाची ये-जा असते, हे विचारल्यावर लक्षात आले की खिळे आतून नव्हे, बाहेरून उपसलेले आहेत. त्या दिवशी कडी बदलली, तो रस्ता बंद केला आणि पुढची चौकशी रीतसर झाली. ही माहिती मुलींनी दिली, कारण त्यांच्या लेखी पोलीस म्हणजे पेटीतले वाचणारी बाई होती. वर्गातून उठवून नेणारी नव्हती.

याच ठिकाणी पोलीस आणि समुपदेशक यांतला फरक मुलांना आधीच सांगितला पाहिजे, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम 2012, म्हणजे पॉक्सो, याच्या कलम 19 नुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे 'तू मला सांग, मी कोणाला सांगणार नाही' हे वचन पोलिसाने मुलाला कधीही देऊ नये. मी मुलींना आधीच सांगत असे की, तुम्ही सांगितलेले मी जगजाहीर करणार नाही, पण कोणी तुम्हाला त्रास देत असेल तर मला ते पुढे न्यावेच लागेल आणि तेव्हा मी तुमच्या बरोबर असेन. असे सांगितल्यावर काही मुली त्या दिवशी गप्प राहिल्या, आणि मी ते स्वीकारले. कारण वचन देऊन ते मोडले, तर ती मुलगी पुन्हा कोणत्याही मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नाही. पॉक्सोखालील जबाब मुलीच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना, तिच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर नोंदवायचा असतो. शाळेसाठी नेमलेल्या हवालदाराने तेथे तपशील विचारत बसू नये. ऐकावे, मुलीला सुरक्षित ठेवावे आणि योग्य अधिकाऱ्याला ताबडतोब बोलवावे. एकच गोष्ट तिला चार जणांसमोर चार वेळा सांगायला लावणे हा तिच्यावरचा दुसरा आघात असतो.

पोलिसाला केव्हा बोलवायचे, याचे सरसकट उत्तर देता येणार नाही, आणि हे मी मोकळेपणाने मान्य करते. शस्त्र, गंभीर दुखापत, लैंगिक अत्याचार, अंमली पदार्थ, बेपत्ता मूल किंवा बाहेरून आलेली धमकी असेल तर क्षणाचाही विलंब नको. तेथे शाळेच्या नावाचा विचार करून वेळ घालवणे हा अपराधच ठरू शकतो. उलट टोपणनावांवरून झालेली भांडणे, ढकलाढकली, फळ्यावरचे आक्षेपार्ह लिखाण, शिक्षकांना उलट उत्तर देणे, हे सारे शाळेचे काम आहे. मधला पट्टा मात्र मोठा आहे आणि तेथे परिस्थितीप्रमाणे निर्णय बदलतो. मारामारी पहिलीच आहे की एकाच मुलाला सतत लक्ष्य केले जात आहे, मोठ्या मुलांनी लहान मुलाकडून पैसे उकळले आहेत का, मोबाइलवर कोणाचे छायाचित्र बदलून पसरवले आहे का, दोन मुलांच्या भांडणामागे दोन घरांचे वैर आहे का, हे पाहावे लागते. मी मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारत असे: शाळेसाठी पोलीस नेमलेलाच नसता, तर या प्रसंगात आपण पोलीस ठाण्यात फोन केला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर केवळ हवालदार व्हरांड्यात उभे आहेत म्हणून त्यांना आत बोलावण्याचे कारण नाही. आपल्या शाळेतील प्रसंगाला हा प्रश्न लावला तर उत्तर उघड आहे. वर्गशिक्षिकेने दोन्ही मुलांना वेगवेगळे बसवून ऐकायला हवे होते, ओठ फुटलेल्या मुलावर उपचार करून दोघांच्याही घरी त्याच दुपारी फोन करायला हवा होता, आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या पालकांना बोलवायला हवे होते. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. छडी गेली म्हणून तिच्या जागी पोलीस आणून ठेवणे त्या कलमाच्या हेतूशी विसंगत आहे.

शिक्षकांची बाजूही मला दिसते. एका वर्गात साठ-सत्तर मुले असतात, समुपदेशक नसतो, आणि मारामारी सोडवताना उद्या एखादा पालक आपल्यावरच तक्रार करील ही भीती असते. म्हणून पालक-शिक्षक संघाने वर्गशिक्षिकेला दोषी ठरवण्यात शक्ती घालवू नये. त्याऐवजी शाळा आणि पोलीस ठाणे यांच्यात एक पानाचा लेखी समझोता करून घ्यावा. त्यात पोलिसाला बोलावण्याचा निर्णय फक्त मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेली एकच व्यक्ती घेईल, मुलाशी बोलण्यापूर्वी पालकांना कळवले जाईल, चालू वर्गातून कोणालाही पोलीस स्वतः उठवणार नाही, मुलाशी बोलणे गरजेचेच झाले तर बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या वेशात येतील, कोणतेही लेखी कबुलीपत्र घेतले जाणार नाही आणि मुलांची नावे शाळेच्या भ्रमणध्वनी समूहांवर टाकली जाणार नाहीत, एवढे स्पष्ट असावे. पालकच धोक्याचे कारण असतील अशा प्रकरणांत त्यांना आधी कळवण्याची अट लागू नसावी. तेथे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणारी बाल कल्याण समिती आणि मुलांसाठीचा मदत दूरध्वनी 1098 हा मार्ग आहे. दर सत्रात एकदा मुख्याध्यापक, पोलीस ठाण्याचे अधिकारी आणि पालकांचे प्रतिनिधी यांनी बसून, पोलिसाला किती वेळा आणि कशासाठी बोलावले गेले ते पाहावे. त्या यादीत फाटकाबाहेरची कामे कमी आणि वर्गातली जास्त दिसू लागली, तर व्यवस्था भरकटते आहे असे समजावे.

आता त्या मुलाबद्दल, कारण समझोता होईपर्यंत तो वाट पाहू शकत नाही. त्याच्या पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन माफीनामा कोठे आहे ते विचारावे आणि तो परत मागावा. तो पोलीस ठाण्यात गेला असेल तर पोलीस निरीक्षकांना भेटून स्टेशन डायरीत मुलाच्या नावाची काही नोंद झाली आहे का ते विचारावे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार निकाली निघालेल्या प्रकरणातील मुलाची कोणतीही माहिती चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करता येत नाही, हे त्यांना माहीत असू द्यावे. म्हणजे 'आता याचे नाव पोलिसांत गेले' ही घरातली काळजी तरी कमी होईल. शाळेच्या नोंदींत किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर या प्रसंगाचा शेरा येणार नाही, असे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावे. ठाण्यात दाद मिळाली नाही, तर विशेष बाल पोलीस पथकाच्या प्रमुख उपअधीक्षकांना किंवा सहायक पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला अर्ज करता येतो, आणि त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. पण माझ्या अनुभवात पोलीस निरीक्षकांशी शांतपणे, नियमांची प्रत हातात घेऊन बोलल्यावर बहुतेक वेळा तेथेच मार्ग निघतो. त्या बैठकीला हवालदारांनाही बोलवावे, कारण त्यांना कोणी हे नियम कधी समजावूनच सांगितले नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि पुढच्या आठवड्यात फाटकाशी उभे राहायचे आहे ते त्यांनाच.